चौदा नंबरचा जोड

कारखान्यातली भांडणं माणूस विसरतो, किस्से मात्र साठत जातात. पन्नासच्या दशकात पिंपरीला आमचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा मी वेल्डिंग खात्यात होतो. तिथले निम्मे किस्से एकट्या शिवराम नानांचे. नाना काळेवाडीचे शेतकरी. जमीन कारखान्यात गेली, म्हणून सहा महिन्यांच्या बोलीवर वेल्डर झालेले. काम जमलं नाही तर नोकरीही जाणार होती.

*

पहिल्याच आठवड्यात नानांनी दोन पत्रे जोडले आणि लालभडक जोडावर बादलीभर पाणी ओतलं. गावचा लोहार विळ्याला पाणी देतो तसं. टण्णकन जोड तडकला.

फोरमन ओरडला, "नाना, हा काय विळा आहे?"

"न्हाई. विळा असता तर टिकला असता."

तेव्हापासून ते प्रत्येक जोड गरम राखेत झाकत. "बाळंतिणीवानी हाय ते. वारा लागू द्यायचा न्हाई." आम्ही हसायचो. एकदा आमच्या खात्याच्या इंजिनियर परांजपे साहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "हसताय काय? माझ्या पुस्तकात हेच लिहिलंय."

*

हे साहेब विलायतेत शिकलेले. एकदा त्यांनी आरशासारखे गुळगुळीत दोन पोलादी ठोकळे एकमेकांवर घासून चिकटवले. "ना डिंक, ना चुंबक. कण इतके जवळ आले की एकमेकांना सोडत नाहीत. ओढा बघू."

दोन पैलवान गडी दमले. नानांनी वरचा ठोकळा अंगठ्याने बाजूला सरकवला आणि साहेबांच्या हातात दिला.

"तव्यावरची भाकर कुनी वर ओढतं व्हय, सायेब?"

*

सहा महिने भरत आले तेव्हा आली नानांच्या परीक्षेची टाकी; ती गळली तर नोकरी गेली. आमच्यात रीत होती, ज्याचा जोड त्याने शेवटी जोडाशेजारी पत्र्यावर आपला नंबर ठोकायचा. नानांचा चौदा. काम चालू असताना साहेब आले, "हात असा फिरवा," म्हणाले, आणि वीतभर जोड स्वतः मारून गेले. नानांनी तेवढी वीत सोडून दोन्हीकडे चौदा ठोकला.

तपासणीला बाहेरून चुना फासला, आतून रॉकेल लावलं. सुईएवढी वाट मिळाली तरी रॉकेल चुन्यावर डाग पाडतं. नाना बघेचनात. भिंतीकडे तोंड करून उभे.

डाग पडला. फोरमन वाकून नंबर शोधू लागला.

"शोधू नका," साहेब म्हणाले, "तो माझा आहे."

बाकी सगळी टाकी कोरडी ठणठणीत.

रॉकेल पुसून टाकी धुतली. नाना वळले, तोंडावर मुखवटा ओढला आणि म्हणाले, "सायेब, तुमी जरा बत्ती धरा. आमी जोडतो."

साहेबांनी धरली.