तिसऱ्या जागी पी

टायपिंगच्या बाईंच्या क्लासात पहिल्यांदा येणाऱ्याला वाटायचं, आपण चुकून भलत्याच शाळेत शिरलो. फळ्यावर खडूनं ठसठशीत लिहिलेलं असायचं, ‘तिसऱ्या जागी पी’, आणि खाली इंग्रजी शब्दांची रांग. होप, रोप, टेप, कॉपी, एम्प्टी, पाइप, रिप्लाय. फळ्यासमोर जड लोखंडी मशीनं आणि त्यांच्यापुढे माना खाली घालून बसलेली माणसं.

सगळी भानगड करंगळीची. टाइपरायटरवर पी हे अक्षर उजव्या करंगळीच्या वाट्याला येतं, आणि करंगळी म्हणजे हाताचं शेंडेफळ, लाडावलेलं नि कामचुकार. बाईंचं म्हणणं असं, की शब्दाची पहिली दोन अक्षरं माणूस हुरुपानं मारतो, तिसऱ्याला ढिला पडतो. करंगळीची खोड मोडायची तर तिला नेमकं तिथंच गाठायचं. दुसरं म्हणजे, शब्द मारला की त्याचा अर्थ मोठ्यानं सांगायचा, तोही स्वतःचा. डिक्शनरीतला सांगितलात तर बाईंची फूटपट्टी टेबलावर कडाडायची. “तो अर्थ डिक्शनरीला माहीत आहे हो! तुम्हाला काय माहीत आहे ते बोला. ओळखीच्या शब्दावर बोट बिचकत नाही.”

त्यामुळे वर्गात करमणूक व्हायची. धंदा बसल्यामुळे क्लासला आलेला शिंपी म्हणायचा, “टेप म्हणजे माझ्या गळ्यातली फीत. दुकान गेलं, ती अजून गळ्यातच आहे.” मागच्या बाकावरची बडबडी पोरगी एम्प्टी आलं की स्वतःच्या डोक्यावर टिचकी मारायची. बाई हसायच्या नाहीत. पण फूटपट्टी गप्प राहायची, त्यावरून ओळखायचं.

बाई स्वतः ह्याच क्लासात शिकायला आल्या होत्या. मग मशीनं पुसायला राहिल्या, मग शिकवायला, आणि क्लास काढणारे सर थकले तसा क्लासच त्यांच्या गळ्यात पडला. लग्नाचं राहून गेलं. मागच्या खोलीत त्या आणि धाकटी बहीण. इतक्या वर्षांत त्यांनी एकाही विद्यार्थ्याच्या बोटाला हात लावला नव्हता. “बोट ज्याचं त्यानं उचलायचं,” हा सरांचा नियम, आणि बाईंच्या लेखी ती काळ्या दगडावरची रेघ.

त्या वर्षी ऑफिसवाली आली. वर्गानंच ठेवलेलं नाव, कारण ती ऑफिस सुटल्यावर पर्स सावरत थेट यायची. नवरा ऑफिसात कारकून होता, तो आजारपणात गेला. त्याच्या जागेवर हिला घेतलं, पण टायपिंगची परीक्षा पास होण्याच्या अटीवर. दोनदा नापास झाली होती. आता शेवटची संधी. घरी सासू आणि दुसरीतली मुलगी, मिळवती ही एकटी. ही परीक्षा गेली की नोकरीही गेली.

हात चांगला होता तिचा, वेगही होता. पण कागद बाहेर काढला की बाईंचं कपाळ आठ्यांनी भरायचं. सगळी अक्षरं काळीभोर आणि पी तेवढा फिका, दिसेल न दिसेल असा. परीक्षेत फिकं अक्षर म्हणजे चूक. करंगळी ती वर धरून ठेवायची आणि पीवर नुसती टेकवायची.

“अगं, मार ना! पाहुणी आहे का ती करंगळी?” बाई पट्टी आपटत म्हणायच्या. ऑफिसवाली मान डोलवायची, आणि पुढचा पी पुन्हा फिका.

एक दिवस फळ्यावरच्या पाइपपाशी तिची पाळी आली.

“अर्थ?” बाईंनी विचारलं.

“नळी,” ती म्हणाली. मग नियम आठवून म्हणाली, “ह्यांच्या नाकातली.”

ठकठक थांबली. बडबड्या पोरीनंसुद्धा मान खाली घातली. ऑफिसवाली उठली, मशीनवर कव्हर घातलं आणि बाहेर गेली. बाईंना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. होप नाही, एम्प्टी नाही, हा साधा मोरीतल्या सामानाचा शब्द! त्या पट्टी टाकून तिच्या मागे गेल्या. ती जिन्यात बसली होती.

“चुकलं माझं,” बाई म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून क्लासातल्या कुणीच कधी ऐकले नव्हते.

“तुमचं काय चुकलं, बाई?” ती म्हणाली. “शेवटी त्यांना बोलता येत नव्हतं. नळीमुळं. माझी ही करंगळी धरून पडून असायचे. ती धरूनच गेले. तेव्हापासून ह्या बोटानं मी काही करत नाही. वाटतं, वापरलं की त्यांचं धरणं पुसलं जाईल. वेडेपणा आहे, कळतंय मला. पण मशीनवर बसले की ते आपोआप वर राहतं.”

बाई तिच्याजवळ पायरीवर टेकल्या. समजुतीचं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं, म्हणून त्यांनी त्यांना येत होतं तेच केलं.

“कसं धरलं होतं?” त्यांनी विचारलं. “नीट सांग. तुझ्या शब्दांत.”

तिनं सांगितलं. घट्ट नव्हतं. मुठीत नाही, अंगठा आणि पहिलं बोट, एवढ्यातच. नखाच्या जरा खाली. अंगठा मधूनमधून हलायचा, दोरा बोटाला गुंडाळून पाहावा तसा. हात गार, पण तेवढी जागा ऊबदार.

मग बाई म्हणाल्या, “ते बोट मागायला माझी जीभ रेटत नाही बघ. पण परीक्षा ते मागणार. घरी पोर आहे तुझी.”

रात्री बहीण ताट वाढताना म्हणाली, “तुझ्या त्या अर्थांपायी एखादीचा जीव घेशील तू.” सकाळी बाईंनी फळ्यावरचा पाइप पुसून टाकला.

ऑफिसवाली आली, फळा बघितला, आणि स्वतः खडू घेऊन तो शब्द परत लिहिला. “असू दे, बाई,” म्हणाली आणि मशीनवर बसली. त्या दिवसापासून तिनं पीवर करंगळी हाणायला सुरुवात केली. ओठ घट्ट मिटून, एकेक. कधी अर्ध्यातच डोळे भरायचे, तेव्हा शिंपी उगाचच मोठमोठ्यानं आपल्या शब्दांचे अर्थ सांगत बसायचा. हळूहळू पी गडद होत गेला. होपमधला झाला, रोपमधला झाला, आणि एके दिवशी सगळी रांग काळीभोर उतरली. बाईंनी कागद उजेडाला धरून पाहिला आणि परत दिला.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी बाई सकाळपासून दारात घिरट्या घालत होत्या, आणि विचारलं तर म्हणत होत्या, “उकडतंय जरा.” ऑफिस सुटल्यावर ती आली. वर्ग श्वास रोखून बघत होता.

“पास,” ती म्हणाली.

बडबड्या पोरीनं किंकाळीच फोडली. शिंप्यानं गळ्यातली टेप काढून फेट्यासारखी डोक्याला गुंडाळली. बाई “बरं झालं” एवढंच म्हणाल्या, पण खुर्ची चाचपत खाली बसल्या.

वर्ग सुटला, सगळे गेले, तरी ऑफिसवाली आपल्या मशीनपुढेच होती. बाई जवळ गेल्या तेव्हा ती रडत होती.

“आता काय गं?”

“गेलं, बाई,” ती करंगळी पुढे करून म्हणाली. “मला भीती होती तसंच झालं. सकाळपासून आठवून बघतेय. त्यांनी कसं धरलं होतं ते बोटाला आठवतच नाही. करंगळी नुसती बधिर झालीय. जणू कुणी कधी धरलंच नव्हतं.”

बाईंनी पट्टी बाजूला ठेवली. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या आणि ती करंगळी हातात घेतली. अंगठा आणि पहिलं बोट, एवढ्यातच. नखाच्या जरा खाली.

“घट्ट नव्हतं म्हणालीस,” बाई म्हणाल्या. “असं. आणि अंगठा मधूनमधून हलायचा.”

त्यांनी अंगठा हलवला. ऑफिसवालीनं डोळे मिटले.

“थोडं वर, बाई,” ती म्हणाली.