बिनभाड्याची ताडपत्री

आमचं बिछायत केंद्र नरसीच्या रस्त्यावर आहे. मंडप, खुर्च्या, सतरंज्या, मोठी भांडी असं सगळं आम्ही भाड्यानं देतो. नवरा नोकरीनिमित्त परगावी असतो, म्हणून धंदा सासरे आणि मी बघतो. सासऱ्यांची एक रीत मला पहिल्यापासून खटकायची. मयत झालेल्या घरी ताडपत्री, सतरंज्या आणि पाण्याचे ड्रम बिनभाड्यानं पोचवायचे, आणि ताडपत्रीच्या ज्या बाजूला केंद्राचं नाव रंगवलेलं आहे ती बाजू आत करून बांधायची. फुकट द्यायचं ते द्यायचं, वर नावही लपवायचं. माझ्या डोक्यात हे काही केल्या शिरत नव्हतं.

मध्यंतरी हिंगोलीला छोट्या व्यावसायिकांसाठी शिबिर झालं. तिथल्या साहेबांनी सांगितलं, मोठ्या कंपन्यांसारखी लहान धंद्यांनीही सामाजिक जबाबदारी उचलावी; त्यानं गावात नाव होतं, गिऱ्हाईक टिकतं, कामाला माणसं मिळतात. मी हरखलेच. म्हणजे हे आम्ही कधीपासून करत होतो, फक्त मिरवत नव्हतो. घरी येताच सासऱ्यांना म्हटलं, "मामा, आता नाव बाहेर ठेवून बांधू. फोटोपण काढू."

ते सुपारी कातरत होते. "काढ की," म्हणाले. "मढ्याच्या या बाजूनं काढतीस का त्या बाजूनं?"

त्यांच्यापुढं बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मी फुगून बसले, त्याचा त्यांना पत्ताही नव्हता.

चिडायला कारण होतं. चौकात एक नवा मंडपवाला आला होता. झुंबरं, रंगीत दिवे, गादीच्या खुर्च्या, काय विचारू नका. एकेक लग्न तिकडं सरकत होतं. त्या हंगामात आमच्याकडं पुसेगावचं एकच मोठं लग्न उरलं होतं. ते बिघडलं असतं तर पुढच्या वर्षी आम्हाला कोणी विचारलं नसतं.

हळदीच्या दिवशी सकाळी टेम्पो भरून दारात उभा होता, तेवढ्यात निरोप आला. त्या नव्या मंडपवाल्याची आई गेली होती. आमची बाकी सगळी ताडपत्री बाहेरगावी गेलेली. होती नव्हती ती टेम्पोत. सासऱ्यांचा गुडघा सुजलेला, त्यांना बाजेवरून उठवत नव्हतं. म्हणाले, "तू ठरव."

"त्याचं तर गोदाम भरलेलं हाये, मामा. त्याला काय कमी?"

"व्हय, भरलेलं हाये," ते म्हणाले. "मंग मायच्या मयतीला पोरानं सोता बांबू रोवायचे काय?"

मी रागारागानं टेम्पोत चढले. ड्रायव्हरला गाडी मयतीच्या घराकडं वळवायला सांगितली आणि बसल्याबसल्या पुसेगावला फोन लावला. नवरीचे वडील आधी तापले. "पाहुणे येऊन राहिले, बाई." मग कोण गेलं ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "बरं. तिथल्या लोकायला उन्हात बसवू नका. आमी हळद सांजच्याला लावू."

मी पोचले तेव्हा तो मंडपवाला अंगणात पहारीनं खड्डा खणत होता. त्याची माणसं कामावर गेलेली. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. आतून बायकांचं रडणं ऐकू येत होतं आणि हा गिऱ्हाईकाचं काम असल्यासारखा खाली मान घालून खणत होता. भोवती गाव उभं होतं, पण कोणी पुढं झालं नव्हतं. मंडपवाल्याच्याच घरी मंडपाचं काय बघायचं, असं सगळे धरून चाललेले. मला त्या माणसांचा संताप आला, आणि त्याची फार कीव आली.

मी जाऊन पहार धरली. तो सोडेना.

"वैनी, तुमचं आज पुसेगावला हळदीचं काम हाये ना?"

"हाये. होईल ते. तुमी आत जा, मायजवळ बसा."

त्यानं पहार सोडली. हात मात्र तसेच पुढं राहिले, कुठं ठेवावेत हे कळत नसल्यासारखे. मग तो उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथंच खाली बसून मोठ्यानं रडायला लागला. सकाळपासून त्याला रडायला सवडच मिळाली नव्हती.