वाचून न दाखविलेला मजकूर

तक्रारदार : सेलूच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकून तेवीस वर्षे अर्ज लिहिणारा इसम, वय बावन्न, शिक्षण नववीपर्यंत.
मयत : तक्रारदाराची पत्नी, माहेर वालूर.
ज्याच्यावर ठपका आला : तक्रारदाराचा एकुलता मुलगा, हल्ली मुक्काम दुबई.
ज्याच्यावर यावयास हवा होता : तक्रारदार स्वतः.
साक्षीदार : मयताची धाकटी बहीण. तिने बोललेले ऐकले. लिहिलेले वाचले नाही.
वेळ व ठिकाण : रमजान ईदच्या आदल्या आठवड्यातील सोमवार, दुपार, राहत्या घराची ओसरी.

नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. घरच्या माणसांची नावे कचेरीच्या तऱ्हेच्या कागदावर आलेली मयतास आवडत नसत.

सदर मुलगा सात वर्षांपासून दुबईत एका गोदामावर देखरेखीचे काम करतो. वार्षिक रजा तेथे मालकाच्या सोयीने मिळते. ईदला मात्र चार-पाच दिवस सलग सुट्टी असते. त्या सुट्टीत तेथे राहणारी आपली माणसे शेजारच्या एखाद्या देशात जाऊन येतात, असा रिवाज आहे. मुलाने मला हिशेब नीट समजावून सांगितला होता. गावी यायचे तर हैदराबादपर्यंत विमान, पुढे सेलूपर्यंत रेल्वे. जाण्यायेण्यात दोन दिवस संपतात आणि उरलेले दोन पाहुण्यारावळ्यांत. त्यापेक्षा तीन-साडेतीन तासांत दुसरा देश लागतो, माणूस चार दिवस मोकळा श्वास घेतो आणि पाचव्या दिवशी कामावर हजर होतो. मला ते पटले होते. अजूनही त्यात मला गैर काही दिसत नाही.

एका वर्षी तो मित्राच्या गाडीने सीमा ओलांडून ओमानला गेला. पुढच्या वर्षी अझरबैजानला गेला. तेथील एका टेकडीच्या पायथ्याशी जमिनीतून आपोआप जाळ निघतो, त्याचे चलचित्र त्याने पाठविले. मयताने ते दोनदा पाहिले आणि विचारले, "मग इझवत का न्हाईत?" मी कचेरीतल्या कारकुनाला, मुद्रांक विकणाऱ्याला आणि दोन वकिलांना ते दाखविले. पासपोर्टावर शिक्का कोठे मारतात, अधिकारी काय विचारतो, हे मी त्यांना अशा तपशिलाने सांगत असे की जणू सीमा मीच ओलांडून आलो आहे. प्रत्यक्षात आयुष्यात मी हैदराबादच्या पलीकडे गेलेलो नाही.

तिसऱ्या वर्षी त्याने जॉर्जियाचे ठरविले. तेथे बर्फ होता. ही बातमी मी महिनाभर आधी साऱ्या कचेरीत सांगून ठेवली होती.

याच महिन्यात मयताच्या पोटात पाणी धरू लागले. परभणीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. डॉक्टर तरुण होते. मी त्यांच्या शब्दाला फारसे वजन दिले नाही आणि घरी कोणालाही काही सांगितले नाही. तिला मात्र न सांगता कळले असावे.

त्या सोमवारी ती भिंतीला धरून ओसरीवर आली आणि माझ्यासमोर पाटावर बसली, जसे पक्षकार बसतात. म्हणाली, "मला एक कागद लिवून द्या. लेकाला धाडायचाय."

फोन लावून देतो, असे मी म्हणालो. तिने नको म्हणून मान हलविली. फोनवर मुलगा दिसला की ती जेवलास का, एवढेच विचारू शकत असे. शिवाय तोंडी बोललेले हवेत जाते, गरज असेल त्याने लेखी द्यावे, हे वाक्य मी तिच्यादेखत हजार लोकांना ऐकविले होते. तिने ते खरे मानले होते.

मी कागद घेतला. तिने सांगितले ते असे :

"लिवा. लेकरा, ह्या बारीला दुसऱ्या देशाला जाऊ नको. माझ्याकडं ये. दोनच दिवस ये. पाव्हन्याकडं कुटंच जायचं न्हाई, नुस्तं माझ्यापाशी बसायचं. दिवाळीपस्तोर मी काय राहायची न्हाई."

बहीण शेजारी होती. ती म्हणाली, "जिलेबी करून ठिवते म्हणावं, लिवा की भाऊजी."

"मी कशाची करते? तूच कर," मयत म्हणाली, आणि दोघी हसल्या. तिचे ते शेवटचे हसणे मी पाहिले तेव्हा माझ्या हातात पेन होते.

आता मी काय लिहिले ते नमूद करतो. "अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती औषधोपचाराने सुधारत असून काळजीचे कारण नाही. तुझा नियोजित प्रवास निर्विघ्न पार पडावा. दिवाळीच्या सुमारास सवडीने येऊन भेट द्यावी, ही विनंती."

पक्षकार बोलतो तसे मी कधीच लिहीत नाही. कोणी रडत सांगतो, कोणी शिव्या देत सांगतो. मी त्याचा रीतसर मजकूर करतो, कारण उघडे रडणे वाचून साहेब वैतागतात. हात त्या वळणावर गेला, असे मी अनेक दिवस स्वतःला सांगत राहिलो. ते पुरते खरे नाही. बर्फाचे फोटो येणार, असे मी सगळ्यांना सांगून बसलो होतो. मुलाने जाणे रद्द केले असते, तर का, हे मला कचेरीत सांगावे लागले असते. आणि ते सांगताना डॉक्टरांचे म्हणणे मला स्वतःला मान्य करावे लागले असते.

"समदं लिवलं का?" तिने विचारले.

"लिहिले," मी म्हणालो.

हा धंदा मला एका वृद्ध उस्तादांनी शिकविला. ते निजामाच्या काळात उर्दूत अर्ज लिहीत. त्यांनी मला एकच नियम घालून दिला होता : मजकूर वाचून दाखविल्याशिवाय कोणाचीही सही किंवा अंगठा घ्यायचा नाही. तेवीस वर्षांत हा नियम मी मोडलेला नव्हता. त्या दुपारी मोडला. बहिणीने कागदाखाली दुसरा पाट धरला, आणि मयताने पेन उभे धरून, श्वास रोखून, एकेक अक्षर जोडत, लिहिता येत होती तेवढी सही केली. मी त्या कागदाचा फोटो काढून मुलाला पाठविला.

दुसऱ्या दिवशी त्याचे उत्तर आले. आईचे पत्र वाचून हायसे वाटले, दिवाळीला नक्की येतो. त्यातले शेवटचे तेवढे मी तिला सांगितले.

"दिवाळीला?" ती म्हणाली. "म्या तर आत्ताचं सांगितलं हुतं." मी तिच्या गोळ्या मोजू लागलो. मग तीच म्हणाली, "आसंल त्याला काम."

"काम कशाचं, बरफात खेळायला चाललाय," बहीण म्हणाली.

"जाऊ दे. लेकरू हाय."

ईदच्या दुसऱ्या दिवशी त्याने डोंगरावरून फोन लावला. मागे सगळे पांढरे होते. स्वेटर घातलास का, असे तिने विचारले आणि भिंतीकडे तोंड केले. बोलावण्याचे दोन शब्द तेव्हाही तिला बोलता आले असते. पण अर्ज नामंजूर झाला की पुन्हा तोंडी विनवण्या करू नयेत, हेही तिने माझ्याच तोंडून ऐकलेले होते.

तो दुबईला परतला त्याच दिवशी सकाळी ती गेली. ऊन तापले होते. तो येईपर्यंत ठेवता आले नाही. तो पोहोचला तेव्हा राख सावडायची राहिली होती. ती त्याने सावडली.

तेरवीच्या दिवशी, पंगत उठल्यावर, तिची बहीण सर्वांसमोर त्याला म्हणाली, "माय कागद लिवून बोलवत हुती, अन् तू बरफ बघायला गेलास." त्याने फोन काढला, तो कागद शोधला आणि माझ्यासमोर धरला.

"बाबा, माय असंच म्हणली होती का?"

वीस-पंचवीस माणसे ऐकत होती. त्यात कचेरीतलीही होती. मी म्हणालो, "होय." लोकांना ते बहिणीच्या बोलण्याला दुजोरा वाटले, मुलाला कागदातल्या मजकुराला.

त्याने खालची सही बराच वेळ पाहिली आणि फोन खिशात ठेवला. दोन दिवसांनी तो गेला. वालूरला आणि येथेही आजतागायत हेच बोलले जाते की, आईने बोलाविले आणि तो आला नाही. त्याला बोलावणे पोहोचलेच नव्हते, हे कोणाला ठाऊक नाही. आणि जिला ठाऊक असणे सर्वांत गरजेचे होते, ती त्याने नाकारले असे समजून गेली. यंदाच्या ईदला तो कोठेही गेला नाही, चारही दिवस खोलीत बसून होता, असे त्याच्या तेथील मित्राने कळविले.

सबब मुलास विनंती की, त्याच्या आईचे खरे शब्द वर जसेच्या तसे दिले आहेत, ते तिचे पत्र समजून वाचावेत. या कागदाची एक प्रत वालूरला तिच्या बहिणीस मी स्वतः वाचून दाखवीन आणि एक कचेरीत, माझ्या टेबलाशी उभे राहून. तिचा कागद तेव्हा मिळाला असता तर तू आला असतास का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मिळावे. त्यास मुदत नाही. भाषा रीतसर नसली तरी चालेल. रागाची असली तरी चालेल. आलेला मजकूर मी तिच्या फोटोसमोर मोठ्याने वाचून दाखवीन, आणि त्यातला एकही शब्द बदलणार नाही.