जळगाव ते धुळे, गिटारीच्या घोडीसाठी

शनिवार, १० जानेवारी. सकाळी सव्वासातला मेहरूणच्या घरून निघाले. साडेदहाला धुळ्यात. संध्याकाळी सातला घरी परत. काम झालं.

काम काय ते सविस्तर लिहिते, कारण जुनी गिटार पडून असलेली घरं आणखीही असतील.

ही गिटार माझ्या यजमानांची. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतले एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर गाव सोडून जाताना ह्यांनी त्यांच्याकडून घेतली. हिचं पोट सपाट नाही, फुगीर आहे, आणि त्यावर व्हायोलिनसारख्या दोन वळणदार फटी आहेत. आर्चटॉप म्हणतात. तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात ती घोडी हिला चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी राहते. गेल्या वर्षी हे दवाखान्यात असताना त्या घोडीचा खालचा पाया मधोमध तडकला. हे परत आले नाहीत. तेव्हापासून गिटार मुकी होती. शेवटच्या दोन वर्षांत ह्यांनी मला एक धून शिकवली होती. ती ह्याच गिटारीवर पुन्हा वाजवायची, एवढंच मला हवं होतं.

जळगावच्या दुकानात तयार घोडी मिळाली, पण तिचा तळ सपाट, फुगीर पोटावर डुगडुगायची. पुण्याला फोन केला, ते म्हणाले भाग मिळणार नाही, भिंतीवर लावा, शोभेल. मग आमच्या भजनी मंडळातल्या पेटी वाजवणाऱ्या काकूंनी धुळ्याच्या नानांचं नाव सांगितलं. नाना पेटी दुरुस्त करतात.

रस्ता एरंडोल, पारोळा, धुळे. चौपदरी झाल्यापासून त्रास नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, शंभराच्या आत काम होतं. गिटार गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. घोडीचे तुकडे डबीत घालून पर्समध्ये. तुम्ही गेलात तर तुकडे फेकू नका, मापाला लागतात.

कंडक्टरने गोधडीकडे बघून विचारलं, "अक्का, हिचं तिकीट?"

माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, मी म्हटलं.

"पंच्याहत्तरी गाठली असेल तर फुकट. आधार कार्ड दाखवा तिचं."

मागच्या बायका हसल्या. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी चारचौघांत हसले असेन.

धुळ्यात पत्ता शोधणं सोपं, गल्ल्यांना नंबर आहेत आणि त्या सरळ आहेत. नानांचं दुकान एका खोलीचं. उघडलेल्या पेट्या, भाते, पितळी सूर. नाना सत्तरीचे. गिटार बघून त्यांनी मान हलवली. गिटार करत नाही म्हणाले. मला आग्रह करता येत नाही. मी डबी उघडून तुकडे त्यांच्यापुढे ठेवले आणि स्टुलावर बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनी तुकडे उचलले, जोडून पाहिले, आणि घोडी चिकटवलेली नसते हे ऐकल्यावर चष्मा लावला.

सागवान त्यांनी नको ठरवलं, मऊ पडेल. फळीखालून एक काळपट ठोकळा काढला. मोडलेल्या बैलगाडीच्या चाकाचा मधला भाग.

"हाई अंजन शे," नाना म्हणाले. "करवतना दात पडतीन."

अंजन म्हणजे लोखंडासारखं कठीण लाकूड, आणि एवढाच तुकडा होता. चुकला तर दुसरा नाही.

पाया कापायला तास गेला. मग खरं काम. गिटारीच्या पोटावर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून पसरायचा आणि त्यावर पाया पुढंमागं घासायचा, म्हणजे पोटाचा बाक लाकडात उतरतो. कागद सरकला तर जुन्या पॉलिशवर ओरखडे. कागद दोन्ही हातांनी मी धरायचा ठरलं. खांदे भरून आले, पण सोडला नाही.

तेवढ्यात कापडाचे व्यापारी असलेले एक शेठजी आले. त्यांची पेटी दिवाळीपासून इथे होती. "नाना, ह्या बाईंची गिटार आज आली आणि आजच होणार? आम्ही काय पाप केलं?"

"तुमच्या घरी ती कपाटावरच असते ना," नाना घासता घासता म्हणाले. "इथं निदान खाली तरी शे."

शेठजी रागावले नाहीत, बसून बघू लागले.

दीडला मी जवळच्या खानावळीत जाऊन शेवभाजी खाल्ली. तिखट सोसत असेल तरच मागवा, ताक सोबत घ्या. परत आले तर पाया पोटावर असा बसला होता की मधून कागद जाईना. वरची पट्टी आणि पेच जुनेच लावले. पॉलिशवर जुन्या घोडीचा फिकट डाग होता, पण तो तिरका. नाना म्हणाले सरळ बसवू. मलाही तेच बरोबर वाटलं. तारा चढवल्या. मोकळी तार जुळली, पण बाराव्या पडद्यावर तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा, तो चढा येई. जाड तारांवर तर फारच. नानांनी शेठजींच्या पेटीवर पट्टी दाबून पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. घोडी पुढं घेतली, मागं घेतली. जमेना. मला वाटलं, तुकडा वाया गेला.

मग नानांनी विचारलं, "तुमचे मालक कशी ठेवत होते?"

तेव्हा मला आठवलं. तीस वर्षं मी गिटार पुसताना ती घोडी सरळ करत असे. भिंतीवरचे फोटो करते तशी. आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा तिरकी असे. हा ह्यांचा गबाळेपणा, असं मी धरून चालले होते. ह्यांनी एकदाही काही म्हटलं नाही.

मी नानांना सांगितलं, तिरकी ठेवा, जाड तारांकडची बाजू मागं.

नानांनी बोटाच्या पेराने हळूच सारली, डागावर. पेटीची पट्टी दाबली. मी तार छेडली. दोन्ही सूर एक झाले. मग दुसरी तार, तिसरी. सहाही.

"व्हयनं," नाना म्हणाले, आणि शेठजींनी टाळी वाजवली.

मी कधी लोकांत वाजवलेलं नाही. त्या दुकानात, दोन अनोळखी माणसांसमोर, ती धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. दोन जागी चुकले, थांबले नाही. समोरचा भांडीवाला दुकानातून उठून दारात आला. नानांनी सहाशे घेतले, जास्त दिले तर परत केले.

येताना खिडकीची जागा मिळाली. पारोळ्यानंतर ऊन उतरलं. गिटार पुन्हा गोधडीतच, पण मी मधूनमधून आत बोट घालून एखादी तार हलवत होते.

आता घरी आहे. आवाज अगदी पूर्वीचा नाही, थोडा खणखणीत झाला आहे. मला आवडला. मी ती धून चार वेळा वाजवली. चौथ्यांदा एकही चूक नव्हती. विचारायचं ते विचारायला आता कुणी नाही, पण त्या घोडीचं तरी मला कळलं.

मग एकटीपुरती खिचडी केली, खाल्ली. भांडी घासताना तारांनी कापलेल्या बोटांना साबण झोंबला. मी पातेलं विसळून पालथं घातलं.