मिरजेच्या पुढची मुंबई

आमच्या पेठेतून कुणी मुंबईला निघालं की आधी माझ्या दुकानाची पायरी चढायचं. मी वह्या, दौती, टाक विकणारा. पण लोक मला मुंबईकर म्हणत. मी सांगायचो, मिरजेला गाडी बदला, पुण्याला पुन्हा बदला. बोरीबंदरला उतरल्यावर बोचकं हमालाकडं देऊ नका. दिलंच तर त्याच्या पुढं चालू नका, मागं चाला. चालत्या ट्रामवर उडी मारू नका. कुणी आपल्याच गावचा म्हणून गोड बोलायला लागला तर त्याला विचारा, तालीम कुठली तुझी? लोक माना डोलवायचे. कुणी कुणी तर सगळं पुन्हा म्हणून घ्यायचे.

मी मुंबई पाहिलेली नाही. एवढं कागदावर उतरवायला मला सव्वीस वर्षं लागली.

एकोणीस वर्षांचा असताना मी निघालो होतो, हे खरं. नोकरी ठरलेली नव्हती. कुठंतरी चिकटेन, एवढाच भरवसा. निम्मी पेठ स्टेशनावर आली होती. आईनं दशम्या बांधून दिल्या, कुणी गळ्यात हार घातला. मिरजेला पुण्याच्या गाडीत चढलो. डबा ठासून भरला, आणि रेल्वेच्या माणसानं बाहेरून दाराला किल्ली लावली. ती किल्ली फिरली आणि माझ्या छातीत काय झालं ते आजही सांगता येत नाही. मी खिडकीतून खाली उडी टाकली. आतले लोक हसले. गाडी गेली.

परत कोणत्या तोंडानं जाणार? गळ्यातला हार अजून सुकला नव्हता. मिरजेतच तंबोरे करणाऱ्या एका कारागिराकडं भोपळे खरवडायला राहिलो. रोज संध्याकाळी फलाटावर बसून मुंबईहून आलेल्यांचं बोलणं ऐकायचो. दोन महिन्यांनी घरी आलो आणि सांगितलं, तिथली हवा मानवली नाही.

मग सुटका कुठली! पहिला माणूस विचारायला आला, त्याला ऐकीव सांगितलं. तो परत आल्यावर पुढच्या माणसासाठी त्याच्याकडून काढून घेतलं. "स्टेशनासमोरचा तो हौद आहे का अजून?" मी विचारायचो.

"हौद? न्हाय बा. कुठं दिसला न्हाय."

"पाडला वाटतं मेल्यांनी."

लग्नानंतर बायकोलाही हेच सांगितलं. ती माहेरी मोठ्या तोऱ्यात सांगायची. "चला की मुंबईकर, जाऊ संगट," असं कुणी म्हणालं की नेमकी माझी पाठ दुखायला लागायची.

बोळाच्या तोंडाशी कल्हईवाले चाचा राहत. लढाई चालू होती, आणि फौजेच्या भांड्यांना कल्हई लावायला त्यांचा थोरला मुलगा बसऱ्याला निघाला होता. शुक्रवारी बोट सुटणार, असं त्याचं मुंबईहून कार्ड आलं. चाचा ते हातात धरून धावत आले.

"मुंबईकर, बोट कुठनं सुटतीया?"

"भाऊच्या धक्क्यावरनं," मी म्हणालो. बोटीचं म्हणून तेवढं एकच नाव मला ठाऊक होतं.

तिथून सुटतात त्या कोकणच्या बोटी. चाचा सकाळपासून दिवस कलेपर्यंत मलिद्याचा डबा मांडीवर घेऊन तिथं बसून राहिले. फौजेची बोट नव्या गोदीतून गेली. पुढं काही महिन्यांनी मुलगा तिकडंच तापानं गेल्याचं पत्र आलं.

त्याआधी, मुंबईहून परतले तेव्हाच, चाचा माझ्या पायरीवर येऊन बसले होते. "तुमी नीट सांगितलं हुतं," म्हणाले. "मीच अडाणी. कायतरी उलटं ऐकलं असंल बघा."

मी म्हणालो, "होतं असं, चाचा." एवढंच म्हणालो.

त्या सालापासून दर दिवाळीआधी ते आमची भांडी स्वतः घेऊन जायचे आणि लखलखीत करून आणायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

दोन वर्षांनी त्यांचा जावई त्याच कामावर निघाला. त्याचंही मुंबईहून कार्ड आलं. आमच्या भांड्यांचं पोतं नुकतंच खांद्यावर घेतलेले चाचा मुलीला घेऊन दुकानाशी आले. "ही नवऱ्याला भेटाय जाणार हाय. मी संगं हाय, पर माझ्या भरवशावर नगं. तुमच्या तोंडनं हिलाच ऐकू दे."

आता मला खरं ठाऊक होतं. मधल्या काळात दहा जणांना विचारून खात्री केली होती. खरं सांगावं तर चाचांना कळणार. खोटं सांगावं तर ही पोरगी धक्क्यावर बसून राहणार. मी वह्यांची चळत नीट लावली. पुन्हा लावली.

"अवो, बोला की," चाचा हसले. "मुंबई इसरलासा काय?"

"भाऊच्या धक्क्याला जाऊ नका," मी मुलीला म्हणालो. "फौजेची बोट नव्या गोदीतून सुटते."

"मग तवा?" चाचा म्हणाले.

"तेव्हा मीच चुकीचं सांगितलं. तुम्ही बरोबर ऐकलं होतं. मी मुंबईला कधी गेलोच नाही, चाचा. मिरजेच्या पुढं गेलो नाही."

मुलगी बापाकडं बघत राहिली. चाचांचा आवाज एरवी बोळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. त्या दिवशी तो चढला नाही. "मग ह्ये नव्या गोदीचं तरी खरं कशावरनं?"

"बोरीबंदरला उतरा," मी म्हणालो, "आणि तिथल्या पोलिसाला कार्ड दाखवून विचारा. माझं धरू नका."

मी बरोबर येतो, असं म्हणायला हवं होतं. ते ओठांवर आलंही होतं. पण त्या डब्याची किल्ली आठवली, आणि म्हणालोच नाही.

आठ दिवसांनी दोघं परतली. मुलीनं विहिरीवर माझ्या बायकोला सांगितलं की भेट झाली. गोदीच्या फाटकाशी, डबा हातात देण्यापुरती. माझ्याविषयी तिनं चकार शब्द काढला नाही. चाचाही पेठेत कुणाशी काही बोलले नाहीत.

भांडी मात्र तशीच परत आली. सकाळी दाराशी पोतं होतं, कल्हईचा हात न लागलेलं. बायको म्हणाली, "असं कसं?" मी म्हणालो, "वेळ नसेल त्यांना."

दुपारी त्या पितळेत चिंचेची आमटी कळकली, हिरवट, कडू. बायकोनं एक घास घेऊन ताट सारलं. मी वाटी संपवली आणि आणखी वाढून घेतली.

ती माझ्याकडं टक लावून बघत होती. "अहो, झालंय काय तुम्हाला?"

"बस," मी म्हणालो, आणि मिरजेपासून सांगायला लागलो.