समुद्रात ऐकलेली हाळी

घाटनांदूरच्या बाजारपेठेत लिंबू-मिरची न बांधलेलं एखादंच दुकान असेल, आणि ते माझं आहे. मी अमावस्येला माल उतरवतो. मांजर आडवं गेलं तर थांबत नाही, मांजरालाच शिवी देतो. त्यामुळे खालचं वाचून कुणी "शेठला ऊन लागलं असेल" असं म्हणणार असेल, तर आधीच सांगतो — ऊन लागलं नव्हतं. उलटीची गोळीसुद्धा घेतली नव्हती. बोटीवर तिचे वेगळे पैसे मागत होते.

आमचं मूळ गाव धारूरच्या डोंगरात. घरची मेंढरं. मोठा दादा आणि धाकटा मी. मी लहान असतानाच वडलांनी (आम्ही त्यांना आबा म्हणायचो) दादाला मेंढरांमागं ठेवलं आणि मला घाटनांदूरला मामाच्या दुकानात आणून सोडलं. एसटीतून उतरले, माझा हात मामाच्या हातात दिला, आणि वळून न बघता गेले. का, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढं मी स्वतःच्या हिमतीवर बी-बियाणं आणि खतांचं दुकान टाकलं, कंपन्यांच्या भल्याभल्या माणसांना घाम फोडला... पण ती पाठ काही डोळ्यांपुढून हलली नाही. आबा वारले तेव्हा सगळे रडत होते आणि मला राग येत होता. दोन मुलांतला मीच नकोसा होतो का, एवढंच विचारायचं होतं. तेही राहून गेलं.

गेल्या वर्षी एका बियाणं कंपनीनं टार्गेट पूर्ण केलेल्या डीलरांना श्रीलंकेला नेलं. तिथं दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरून पहाटे बोटी निघतात, खोल समुद्रात देवमासे दाखवायला. पैसे कंपनीचे, तरी मी बोटवाल्याला धरलंच. "मछली नहीं दिखी तो कल फिर से फ्री में लेके जाना पडेगा."

दिंद्रुडचा बंडू, तोही डीलर, माझ्या शेजारी कठडा धरून बसला होता. म्हणाला, "शेठ, देवमाशाला तरी ग्यारंटी मागू नका की! तो काय सोयाबीनचं बी हाय का?"

"बी उगवलं न्हाई तर तू माझ्या नावानं बोंबलतोस का न्हाई? मग?"

बराच वेळ नुसतं पाणी होतं. निम्मे डीलर उलट्या करून आडवे पडले. मग बोटवाल्यानं हात वर केला, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "चुप."

समोर पाण्याला एक फुगवटा आला. त्यातून वाफेचा उंच खांब सुटला, भाता सोडल्यासारखा आवाज झाला आणि राखाडी पाठ वर आली. ती सरकतच राहिली... संपतच नव्हती. शेवटी शेपूट उचलून तो सावकाश खाली गेला. पाणी परत सपाट झालं. बंडूसारखा माणूस गप्प झाला, यावरून काय ते समजा.

आणि त्या शांततेत मला हाळी ऐकू आली.

मेंढक्याची हाळी. प्रत्येक मेंढक्याची आपली वेगळी असते, मेंढरं तेवढीच ओळखतात. ही खालच्या पट्टीत सुरू झाली, मध्येच तुटली, दम घेतल्यासारखी थांबली, आणि मग एकदम वर चढून लांबत गेली. अशी हाळी मी कधीच ऐकली नव्हती. पण घसा आबांचा होता. त्यात मला शंका नाही.

माझ्या तोंडून उत्तर कधी गेलं ते मलाच कळलं नाही. तशीच हाळी, तशीच तुटलेली, पुऱ्या छातीनं.

सगळी बोट माझ्याकडं बघायला लागली. "काय शेठ," बंडू म्हणाला, "इथं काय मेंढरं वळायलाव का?"

"तुला ऐकू आलं न्हाई?"

"तुमीच वरडलाव की!"

माझं डोकं फिरलं. धंद्यातला माणूस मी — मला वाटलं, हे लोक गिऱ्हाइकाला गंडवायला टेप वाजवतात. बोटवाल्याची गचांडी धरली. "स्पीकर किधर है?" बाकांखाली बघितलं, केबिनमध्ये शिरलो, इंजिनाचं झाकण उघडायला लावलं. स्पीकर नव्हता. बोटवाला बिचारा हात जोडून उभा होता. परत येताना मी सारखं मागं पाण्याकडं बघत होतो.

गावी आल्यावर धारूरला गेलो. दुपारची वेळ होती, दादा मेंढरं चारत होता. मी न सांगताच ती हाळी दिली. मनात होतं, आबांची असली तर मेंढरं माना वर करतील.

एकाही मेंढरानं मान उचलली नाही. पण दादाच्या हातातली काठी खाली पडली.

"ही तुला कुणी सांगितली?"

"कुणी न्हाई. कोणती हाय ही?"

दादा खडकावर बसला. म्हणाला, "मेंढरांची न्हाई ही. तुला मामाकडं सोडून आले, त्या सांजंपासून सुरू केलती त्यांनी. घाटाच्या तोंडाला जायचे आन् घाटनांदूरकडं तोंड करून द्यायचे. मरेस्तोवर. मी एकदा म्हनलं, आबा, तिथवर कशी पोचंल? तर काठी घेऊन माझ्याच मागं लागले."

"मी घरी यायचो तवा कधी ऐकली न्हाई."

"तू घरी असल्यावर कशाला देतील?"

"मग मला सोडलंच कावून?"

"ते मला बी न्हाई सांगितलं."

मला दादाचा राग आला, आबांचा त्याहून जास्त आला. घाटनांदूर काय दुसऱ्या मुलखात होतं? एसटी होती. एक दिवस येऊन दुकानासमोर उभं राहायचं होतं. डोंगरावरून द्यायची, ती कुणाला ऐकू जाणार?

लोक म्हणतात, लहानपणी ऐकली असशील, विसरला असशील. कसं शक्य आहे? मी गेल्यावर सुरू झालेली हाळी ती. डोंगरात दादाशिवाय ती ऐकायला कुणी नव्हतं, आणि दादानं ती कधी कुणापुढं काढली नाही. शिवाय द्यायची घाटनांदूरच्या दिशेनं, आणि ती इतक्या वर्षांनी परमुलखातल्या समुद्रात कशी पोचावी? माझ्याकडं उत्तर नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडं असेल तर सांगा, पण मला पटेल असं सांगा.

ती माझ्यापर्यंत आली, एवढं मी मान्य करतो. पण बोटीवरून मीही दिली होती. ती त्यांना ऐकू गेली का, हे मी कुणाला विचारू?