पाणबुडीच्या सळईवरचा नंबर

डोंबिवलीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये अणुऊर्जेवर चालणाऱ्या पाणबुडीच्या व्हॉल्व्हचे पार्ट बनतात. स्टीलच्या सळईच्या एका टोकाला तिचा नंबर ठोकलेला असतो. कापताना ते टोक शेवटपर्यंत राखायचं, म्हणजे माल कुठला, तपासलेला आहे की नाही, ते कळतं. त्या दिवशी फोरमनकाकांनी घाईत नेमकं तेच टोक आधी कापलं. उरलेला तुकडा दुसऱ्या एका बिननंबरी तुकड्याशेजारी पडला, आणि दोन्ही दिसायला सारखेच.

"ह्याच्यावर ठोक नंबर," काका म्हणाले. "हाच असणार."

नववीतून शाळा सोडून नांदेडहून आलेल्या मला याच काकांनी काही न विचारता कामाला लावलेलं. तरी म्हणालो, "नाही ठोकणार, काका."

"जास्त शहाणा झालास काय रे? गावाला परत जायचंय?"

"धाडा. पण त्या पाणबुडीत माणसं असतात, आणि तुम्हालाही खात्री नाहीये."

नंबर ठोकायचा पंच मी त्यांच्यासमोर ठेवला. शिव्या घालतच त्यांनी दोन्ही तुकड्यांवर लाल रंग मारला, म्हणजे माल रद्द. नंतर चहाला त्यांनी मला हाक मारली नाही. मीच माझा ग्लास घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.